नगाऱ्यापाशी बसलेली सई

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. गुढी उभी राहत नाही, दिवाळीचा फराळ शेजारी आणून देतात आणि घरात गाणं वाजत नाही. माझी पत्नी काविळीने गेली तेव्हा सई आठ महिन्यांची होती. तेराव्यानंतर माझ्या आईने रेडिओवर जुन्या साडीचा तुकडा टाकला, तो तसाच राहिला. शेजारीसुद्धा आमच्या भिंतीलगत हळू बोलत. मी मुळातच कमी बोलणारा. भोरच्या एका वाचनालयात नोकरी, तिथेही बोलण्याचं काम नाही. संध्याकाळी एसटीने कामथडीला उतरायचं, पुस्तक उघडायचं आणि तेच पान समोर धरून बसायचं. देवघरापुढे आई बसायची, मी बसत नव्हतो. कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या घरातलं माणूस तू का नेलंस, एवढंच मला देवाला विचारायचं होतं. पण विचारायलाही समोर कुणीतरी आहे असं वाटावं लागतं. तेवढंही मला वाटत नव्हतं.

सई शांत होती. तिची आई होती तोवर ती ‘बऽबऽ’ असं काहीबाही बोलत असे. मग ते कमी होत होत थांबलं. दीड वर्षाची होऊन गेली तरी एक शब्द नाही. हवं असेल तिथे आमचं बोट धरून न्यायची आणि दाखवायची. येणारी-जाणारी माणसं तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणत, “आईच्या मागं पोर मुकी झाली.” आम्हाला ते खरं वाटे. आम्ही सगळेच मुके झालो होतो, त्यात तिचं मुकेपण वेगळं कसं दिसावं? सातारा रस्ता घराजवळून जातो. मालट्रकचा भोंगा वाजला की पाहुणे दचकत, पण सई झोपेत कूससुद्धा बदलत नसे. आई कौतुकाने सांगे, “रस्त्याकडंची पोर हाय, तिला सवय हाय.” दार आपटलं की मात्र ती वळून बघायची. त्यामुळे कानाची शंका आमच्या मनाला शिवलीच नाही.

वर्षश्राद्ध झालं. सईचे मामा येऊन रीतीप्रमाणे दुखवटा काढून गेले. आम्हाला नवे कपडे दिले, गोडाचा घास खायला लावला. नवरात्र आलं तेव्हा आई म्हणाली, “आता देवीला जाऊन येऊ. पोरीला पायावर घालू, मग उघडंल तिचं तोंड.” आमचं मूळ गाव वेल्ह्याकडचं, पालीच्या अलीकडे, राजगडाच्या सावलीतलं. तिथली गावदेवी आमच्या घराण्याची. मी फक्त आईचं मन मोडू नये म्हणून निघालो.

दुपारच्या आरतीला देऊळ भरलं होतं. भजनी मंडळींसाठी सभामंडपात लाकडी फळ्यांचा ठेंगणा मंच घातला होता आणि त्याच्या शेजारी, दगडी चौथऱ्यावर, नगारा. गर्दीत चेंगरू नये म्हणून आईने सईला मंचाच्या कडेला बसवलं. नगारचीने टिपरू मारलं, घंटा सुरू झाल्या, आणि बायकांच्या कडेवरची पोरं एकदम रडायला लागली. कुणी कान दाबले, कुणी आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. सई पाठमोरी बसून झेंडूच्या पाकळ्या एकीपुढे एक मांडत होती. मधेच फळीवर तळहात टेकवून ती स्वतःशी हसली. पुजाऱ्यांनी हात जोडले. “बघा, जराबी दचकत न्हाई. देवीचं लेकरू हाय हे!” आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मीसुद्धा वर्षात पहिल्यांदा हात जोडले.

आरती संपली, गर्दी पांगली, पुजारी नैवेद्याच्या मागे लागले. आम्ही प्रसाद घेऊन मंचापाशी बसलो होतो. भोरहून टेम्पोने आलेल्या काही बायका तिथेच टेकल्या. त्यांत डोक्यावरून पदर घेतलेली एक मुसलमान बाई होती, शेजारणीच्या नवसाला सोबत म्हणून आलेली. तिच्याजवळ सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीच्या छातीवर कापडी पिशवीत एक डबी आणि तिच्यातून दोन्ही कानांत गेलेल्या वायरी.

आईला राहवलं नाही. “एवढ्याशा पोरीला रेडिओ कशाला गं दिला गळ्यात?”

“रेडिओ न्हाई मावशी,” ती हसली, “कान हाईत ते तिचे.” मग माझ्याकडे वळून जरा अडखळली. “भाऊ, रागवू नका. मगाधरनं बघतीय. तुमच्या पोरीला पाठीमागनं कवा हाक मारून बघितली का?”

मला प्रश्नच कळला नाही. आईला मात्र कळला. “भरल्या देवळात माझ्या नातीला बहिरी म्हणतीस व्हय? जीभ झडंल!”

“झडू द्या मावशी. पर पोरीचं कान बघा. आमीबी असंच म्हणायचो, लई गरीब पोर हाय, झोपली की ढोल वाजला तरी उठत न्हाई.”

तिने आरतीचं रिकामं ताट उचललं आणि सईच्या मागे, तिला दिसणार नाही अशी उभी राहून त्यावर पळी मारली. कोपऱ्यात झोपलेलं कुत्रं उठून पळालं. सईने पुढची पाकळी मांडली. “आता तुमी हाक मारा.” मी मारली. माझा आवाज इतका मोठा निघेल असं मला वाटलं नव्हतं. देवळाबाहेरची माणसं आत डोकावली. सईने आणखी एक पाकळी मांडली. “आता ह्या फळीवर पाय आपटा, हळूच.” मी पाय आपटला. सई चटकन वळली आणि मला बघून हसली.

“दार आपटल्यावर वळती ना घरी?” ती बाई अगदी हळू म्हणाली. “ते हादरा बसतो म्हणून.”

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. प्रसादाचा द्रोण खाली पडलेला होता, एवढं दिसत होतं. पाकळ्यांची ती ओळ दिसत होती. मी रोज जिच्याशेजारी झोपत होतो, तिच्यापर्यंत माझा एकही शब्द कधी पोचला नव्हता! आई भांडायची थांबली होती, देवीकडे बघत नुसती ओठ हलवत होती. त्या बाईने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि पुण्याला कोणत्या दवाखान्यात न्यायचं, तिथे काय सांगायचं, ते दोनदा समजावलं. “रडू नका. ल्हान हाय अजून. आता न्या, म्हंजे बोलंल.” मग टेम्पोचा हॉर्न वाजला आणि ती मुलीचा हात धरून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

तपासणी झाली. ऐकण्याची शक्ती फार थोडी, पण शिल्लक होती. आणखी उशीर केला असता तर बोलणं शिकवणं फार कठीण गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाल्या. सईच्या छातीवरही तशीच, ऐकण्याच्या यंत्राची डबी आली. आणि मला जे औषध मिळालं त्याने मी चकित झालो: तिच्यासमोर बसून, तिला ओठ दिसतील असं, दिवसभर बोलायचं. हे पाणी, हा तवा, ही गाय चालली. ज्या घरात वर्षभर कुणी मोठ्याने बोललं नव्हतं, तिथे मी पोपटासारखा बोलू लागलो. बोलण्यासारखं सगळं संपलं की मी तिला तिच्या आईच्या गोष्टी सांगत असे. रेडिओवरचं कापड आईने स्वतः काढलं. म्हणाली, “म्या पोरीचं तोंड उघडाय गेले, आन देवीनं आपलेच कान उपटले.”

ती बाई पुढे भोरच्या एसटी स्टँडवर भेटली. मी हात जोडले तर तिलाच संकोच वाटला. “आमी त्या दिवशी येणारच नव्हतो भाऊ. एका बाईला ताप आला, टेम्पोत जागा झाली, तवा शेजारीण म्हणली, चला.” एवढंच. त्यापुढे मी काही जोडत नाही. कुणी याला योगायोग म्हणेल, मी वाद घालणार नाही. ज्याच्यावर मी रुसलो होतो, त्याच्याकडे मी काहीच मागितलं नव्हतं, हे मात्र मला माहीत आहे. मागायचं काय, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. आता मी देवघरापुढे बसतो आणि मागणं त्याच्यावरच सोपवतो. लहान मूल घरात असलेला कुणी भेटला, की एवढंच सांगतो: मूल फार शांत आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पाठीमागून हाक मारून बघा.

पुढच्या नवरात्रात आम्ही पुन्हा देवीला गेलो. सई त्याच मंचाच्या कडेला बसली, तशाच पाकळ्या मांडू लागली. आई आणि मी श्वास रोखून उभे. नगाऱ्यावर पहिलं टिपरू पडलं आणि सई ताडकन उठली, डबीवर दोन्ही हात दाबून मोठ्याने रडत धावत आली आणि माझ्या पायांना घट्ट बिलगली. “भ्याली गं पोर, भाईर न्या तिला,” मागून कुणीतरी कळवळून म्हणालं. मी तिला उचलून घेतलं. ती थरथरत होती, माझ्या खांद्याशी तोंड खुपसून, इतर सगळ्या पोरांसारखी. मला देवी नीट दिसत नव्हती. मी तिथूनच, तिला छातीशी धरून, मान लववली.