लाद्यांचं लग्न

कामाला हात लावण्याआधी बाबल्या रोज उजवा तळवा लुंगीला पुसून कोरडा करायचा आणि डब्यातून नुकत्याच काढलेल्या बर्फाच्या पहिल्या लादीवर टेकवायचा. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, डोळे मिटून. मग सांगायचा, "ओली आहे, थांबा," नाहीतर "सुकली, उचला." डहाणूच्या खाडीकाठच्या त्या कारखान्यात बावीस वर्षं त्याचाच शब्द शेवटचा. लाद्या ओल्याच रचल्या की काही तासांत एकमेकींना चिकटून एकजीव व्हायच्या. मग कुऱ्हाडीने फोडत बसायचं, आणि तिकडे होड्या खोळंबलेल्या. कामगार म्हणत, लाद्यांचं लग्न लागलं.

त्याची मुलगी चंद्रिका २०१५ साली मुंबईला एम.एस्सी.ला गेली. पहिल्याच सुट्टीत ती चुलीपाशी बसून म्हणाली, "बा, शून्याच्या खाली गेला तरी बर्फाच्या अंगावर पाण्याचा थर असतो. नॅनोमीटरमध्ये मोजतात तो. आपल्या केसाच्या जाडीत तसे हजारो मावतील. दोन लाद्यांच्या मध्ये सापडला की तो गोठतो, आणि त्यांना सांधतो."

"मोजायला यंत्र आहे?"

"आहे."

"मग गेली म्हणायची माझी नोकरी!" बाबल्या मनापासून हसला.

दोन वर्षांनी दिवाळीत ती त्याचा डबा घेऊन कारखान्यात गेली, तर लाद्या उचलणारा काकड्या दारातूनच ओरडला, "चंद्रिका, तुझ्या बापाने काल साठ लग्नं लावली गं! आणि आम्हाला जेवण नाही!" सगळे हसले. बाबल्याही हसला, पण उजवा हात त्याने पाठीमागे नेला.

घरी आल्यावर चंद्रिकाने तो हात मांडीवर घेतला. केसातली पिन काढून बोटाला टोचली. बाबल्या तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"टोच की," तो म्हणाला.

तिने पिन खाली ठेवली. "कधीपासून?"

"दोन पावसाळे झाले."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगून काय? शिकणं सोडून धावत आली असतीस."

"पण बा, लादी ओली की सुकी, ते तर तुला कळतं ना?"

"कळायचं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून मालकाला सांगितलं आणि फाटकावर बसू लागला. खुर्चीत बसून तो लाद्या जाताना बघायचा, हात मात्र लावायचा नाही. त्या थंडीत त्याने चुलीवरचा टोप उचलला, आणि कातडी जळल्याचा वास आल्यावरच त्याला कळलं. जखम चिघळली, काळी पडली. दवाखान्यात मनगटापासून हात काढला, पण विष तोवर वर चढलं होतं. तो आणखी तीनच दिवस होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी चंद्रिका धुतलेले कपडे आणायला घरी निघाली. दारापर्यंत गेली, तेव्हा त्याने हाक मारली.

"वाटेत वाणगावला उतरलीस तर बाजारात गवार बघ. कोवळी असली तरच घे."