न बघितलेल्या मालाची वर्णनं

आमच्या मोहालीच्या ऑफिसात माल कधीच येत नाही. येतात ते फोटो आणि तक्रारी. आम्ही सहा जणी ऑनलाइन विकायच्या वस्तूंची वर्णनं लिहितो. तीन वर्षांत किस्से इतके साठलेत की सांगायला बसलं की आधी हसू येतं, मग स्वतःचीच चीड येते.

* * *

पहिल्या दिवशी मी, कोल्हापूरची खुळी, ग्रेवाल सरांना विचारलं, "सर, ही बाटली एकदा हातात घेऊन बघता येईल?"

"मॅडम जी, माल देख लिया तो लिख नहीं पाओगे!"

मला चेष्टा वाटली. डोंबलाची चेष्टा!

* * *

प्रत्येक वस्तूचे पाच गुण लिहायचेच, हा नियम. आता लाटण्याचे पाच कुठून आणू? गोल आहे, लाकडी आहे, लाटतं, धुता येतं. पाचव्याला वैतागून लिहिलं, 'बॅटरीची गरज नाही.'

तेच सगळ्यात जास्त खपलं! सरांनी लड्डू वाटले, आणि तेव्हापासून आमच्या झाडूलाही बॅटरी लागत नाही.

* * *

सेक्टर ३२ मधल्या एका नर्सने रिव्ह्यू टाकला, 'आठ-आठ तास उभी असते म्हणून हे बूट घेतले. आठवड्यात सोल निघाला.' मी म्हटलं, सर, आता तरी वर्णन बदलू या.

सरांनी लगेच बदललं. वर टाकलं, 'नर्सेसची पसंती!'

* * *

मी राहते घरमालकीण बीजींच्या वरच्या खोलीत. बीजी दिवसभर अंगणात, उन्हात स्वेटर विणतात. कॅनडातली नातवंडं ते घालत नाहीत, स्वेटर पेटीतच पडून असतात. "कोई तो पहने, पुत्तर," म्हणाल्या, म्हणून मी ते ऑनलाइन टाकले.

वर्णन त्यांचंच. "झूठ नहीं लिखना" अशी ताकीद! म्हणून लिहिलं, 'बाह्या थोड्या लहान-मोठ्या होतील. एकाला पंधरा दिवस लागतात. घाई असेल तर घेऊ नये.'

अख्खी थंडी सरली, एकही गेला नाही. रोज सकाळी विचारायच्या, "आज किसी ने लिया?" मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

* * *

त्याच थंडीत ऑफिसात लुधियानाच्या मशीनवरचे स्वेटर आले. म्हणजे फोटो आले. सर म्हणाले, "कुछ दादी वाला लिखो."

लिहिलं. अंगणातलं ऊन, दोऱ्याने बांधलेला चष्मा, मांडीवर लोकरीचा गुंडा. सगळं बीजींचं उचललं. स्वेटर धडाधड खपले! सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि मी निर्लज्जासारखी थँक्यू म्हणाले.

* * *

गेल्या रविवारी बीजींनी खाली बोलावलं. मांडीवर आमच्या त्या लुधियानाच्या स्वेटरांतलाच एक. शेजारणीने वर्णन वाचून दाखवलं, म्हणून तिच्याचकडून मोबाइलवर मागवून घेतला होता. चष्मा सावरत एकेक टाका तपासत होत्या.

"देख पुत्तर, कितनी सफाई है! एक फंदा ढीला नहीं."

मग आपल्या सुया त्यांनी पेटीत ठेवल्या आणि झाकण लावलं.

"मेरे अब किसने लेने हैं? तू तो ऑनलाइन का ही काम करती है ना? इस दादी का पता निकाल दे. मैंने मिलना है."