ऑर्विल टिबोची नजर

कागद गिरणीत ऑर्विल टिबोचं काम एकच होतं, बघत राहणं. यंत्रातून कागदाचा पट्टा भरधाव यायचा, आणि त्यात कुठे डाग किंवा टाचणीएवढं भोक दिसलं की ऑर्विलने बटण दाबायचं. तेहतीस वर्षं त्याने एवढंच केलं. गिरणी बंद पडली तेव्हा हॅरो फॉल्समधल्या निम्म्या लोकांनी घरांना कुलपं लावून दक्षिणेची वाट धरली. ऑर्विल मागे राहिला, कारण त्याच्याकडे आणखी एक बटण होतं.

गावच्या आइस हॉकी संघाचं नाव पल्पर्स. लाकडाचा लगदा करणाऱ्या कामगारांवरून ते पडलं होतं. गिरणी गेली, लगदा गेला, नाव तेवढं उरलं आणि अलीकडे संघ खेळायचाही लगद्यासारखाच. घरच्या सामन्याला ऑर्विल काळा कोट घालून, टाय बांधून गोलाच्या जाळीमागच्या काचेच्या खोक्यात बसायचा. रबराच्या चकतीने गोलरेषा पूर्ण ओलांडली की त्याने बटण दाबायचं आणि जाळीवरचा लाल दिवा लागायचा. मोबदला म्हणजे एक हॉट डॉग आणि दाराजवळ गाडी लावायला जागा. दुसऱ्या टोकाच्या खोक्यात कोण बसायचं ते दर वर्षी बदलायचं. हे टोक मात्र सव्वीस वर्षं ऑर्विलचं होतं.

या सव्वीस वर्षांत त्याचा दिवा एकदाही खोटा लागला नव्हता. कॅमेऱ्यात बघून निकाल द्यावा असली श्रीमंती त्या लीगमध्ये नव्हती. वाद झाला की बाहेरगावचे पंच त्याच्या काचेपाशी यायचे, भुवया उंचवायचे. तो मान हलवायचा आणि विषय मिटायचा. गावाला संघापेक्षा ऑर्विलच्या नजरेचाच अभिमान जास्त, कारण संघात अभिमान बाळगावा असं फारसं काही शिल्लक नव्हतं. त्याची बायको वर्ना मात्र येईल त्याला ऐकवायची, की याला चकती दिसते, पण फ्रिजमध्ये नाकासमोर ठेवलेलं लोणी दिसत नाही.

ऑक्टोबरात संघाचा मालक आला. तो राहायचा सहाशे मैलांवर, आणि गावात यायचा तो वाईट बातमी असली तरच. चर्चच्या तळघरात सभा भरली, कॉफी झाली, डोनट झाले, आणि मग त्याने तोंड उघडलं.

"रिकाम्या खुर्च्यांना हॉकी दाखवून मी कंटाळलोय," तो म्हणाला. "अस्वलांच्या रविवारी स्टेडियम भरून दाखवा. मग पुढच्या वर्षाचं बोलू."

अस्वलांचा रविवार म्हणजे ख्रिसमसच्या आधीचा सामना. त्या दुपारी प्रत्येकाने एक कापडी अस्वल घेऊन यायचं आणि आपल्या संघाने पहिला गोल केला की ते बर्फावर भिरकावायचं. गोळा झालेली अस्वलं मुलांच्या इस्पितळात जायची. पल्पर्स कितीही रडतखडत खेळले, तरी त्या दिवशी एक गोल आजवर झाला होता. त्यामुळे अस्वल घेऊन घरी परत जाण्याची वेळ कुणावर आली नव्हती.

गाव कंबर कसून कामाला लागलं. गाव सोडून गेलेल्यांनाही वर्नाने फोन केले. कुणाशी गोड बोलली, कुणाची लाज काढली. पाद्रीबाबांनी त्या रविवारचं प्रवचन दहा मिनिटांत गुंडाळलं, आणि एवढा चमत्कार गावाने पूर्वी बघितला नव्हता. तीन हजार शंभर माणसं आली. ऑर्विल आपल्या खोक्यात बसून वरच्या रांगांकडे बघत राहिला. तिथे माणसं बसलेली त्याने बारा वर्षांत पाहिली नव्हती. त्याचे डोळे भरून आले. टायच्या टोकाने त्याने ते पुसले, कारण कामाच्या वेळी धूसर दिसून चालणार नव्हतं.

पण खेळायचं तर पल्पर्सनाच होतं. पहिल्या भागात दोन गोल खाल्ले, दुसऱ्यात आणखी दोन. स्वतःचा एकही नाही. तिसरा भाग सरत आला तसे लोक मांडीवरच्या अस्वलांशी चाळा करत बसले. दोन मिनिटं राहिली तेव्हा कोट चढवायला लागले. ऑर्विलच्या डाव्या हाताला, पहिल्याच रांगेत, एक बाई मुलीच्या कोटात अस्वल कोंबून चेन वर ओढत होती. ही बाई आता पुन्हा येत नाही, ऑर्विलला वाटलं. यातलं कुणीच पुन्हा येत नाही.

तेवढ्यात खेळ त्याच्या टोकाला आला. कॉल्बी रेमर नावाच्या पोराने चकती हाणली. ती खांबाला लागून गोलरेषेवर पडली आणि प्रतिस्पर्धी गोलकीपर तिच्यावर झोपला. ऑर्विलला ती लख्ख दिसली होती. निम्मी रेषेवर, निम्मी बाहेर. ज्याला धावत्या कागदातलं टाचणीएवढं भोक दिसायचं, त्याला हे न दिसायला काय झालं?

त्याने बटण दाबलं.

लाल दिवा लागला आणि वरून अस्वलं कोसळायला लागली. तपकिरी, पांढरी, गुलाबी, एक तर माणसाएवढं. बर्फ दिसेनासा झाला. पोरं किंचाळत होती, म्हातारी माणसं अनोळखी माणसांना मिठ्या मारत होती. त्या बाईने चेन उघडून मुलीच्या हातात अस्वल दिलं, आणि मुलीने ते दोन्ही हातांनी फेकलं. ते जेमतेम काचेपलीकडे पडलं. ऑर्विलने ते पडेपर्यंत बघितलं.

पंच अस्वलांतून वाट काढत खोक्याशी आला. कोवळा मुलगा होता.

"मला धड दिसलं नाही," तो म्हणाला. "पण दिवा तुमचा आहे. तुम्ही म्हणाल तसं."

"नाही गेली," ऑर्विल म्हणाला. "माझी चूक झाली."

त्याला अस्वलं पडायला हवी होती. गोल चोरायचा नव्हता.

गोल रद्द झाल्याचं जाहीर झालं. थोडी हुर्यो झाली, पण लोक हसतच होते. फेकलेलं अस्वल परत मागायला कोण येणार? अस्वलं उचलायला पाऊण तास गेला, आणि उरलेल्या दोन मिनिटांत पल्पर्सनी पाचवा गोल खाल्ला. बाहेर पडताना गिरणीतला एक जुना सोबती ऑर्विलच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चष्मा घे रे बाबा आता."

गाडीत बसल्यावर वर्ना त्याच्याकडे वळली.

"दिसत होतं ना तुला?" तिने विचारलं.

"दिसत होतं."

थोड्याच दिवसांत लीगकडून आभाराचं पत्र आलं आणि खोक्यात दुसरा माणूस बसायला लागला. टिबोचे डोळे गेले, असं गाव हळहळून बोलायचं. किराणा दुकानातली मुलगी त्याला डब्यांवरची नावं मोठ्याने वाचून दाखवायची. ते ऑर्विलला फार लागायचं. तरी तो ऐकून घ्यायचा. संघ राहणार असेल तर नजरेचं नाव गेलं तरी चालेल, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

मार्चमध्ये तो आपली खुर्चीवरची उशी आणायला संघाच्या ऑफिसात गेला. कॉलीन, तिथलं सगळं बघणारी बाई, सामान भरलेल्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. संघ विकला गेला होता. दक्षिणेत, जिथे कधी बर्फ पडत नाही अशा एका शहरात.

"पण अस्वलांच्या रविवारी एवढे लोक आले होते," ऑर्विल म्हणाला.

कॉलीनने चिकटपट्टी खाली ठेवली. मालक दोन वर्षं गिऱ्हाईक शोधत होता आणि कुत्रंही फिरकत नव्हतं, तिने सांगितलं. मग कुणीतरी त्या अस्वलांचा व्हिडिओ टाकला. तिने तो ऑर्विलला फोनवर दाखवला.

"तो बघूनच तयार झाले ते," ती म्हणाली. "म्हणाले, मेल्या गावात एवढं होतं, तर आमच्याकडे किती होईल!"

ऑर्विल उशी काखेत मारून घरी आला. वर्नाने वाटाण्याचं सूप वाढलं, पाव कापला. त्याने तिला सगळं सांगितलं. ती सुरी हातात धरून तशीच उभी राहिली.

"आणि तू?" तिने विचारलं. "तू दिसतोस का रे त्या व्हिडिओत?"

"नाही," ऑर्विल म्हणाला. "दिवा तेवढा दिसतो."