जपानी गाडीचं काम

त्या गाडीचं नाव मी घेत नाही. माझ्या पिढीतल्या कुणाला ते विचारावं लागणार नाही, आणि मला ते घ्यायची हौस राहिलेली नाही. छोटीशी, जपानी बांध्याची, ऐंशीच्या दशकात आपल्याकडे आली ती. त्याआधी ठाणे-बेलापूर रस्त्यावर बघावं तर दोनच तऱ्हेच्या मोटारी, दोन्ही जाडजूड आणि दोन्ही म्हाताऱ्या. सकाळी धक्का दिल्याशिवाय हलायच्या नाहीत आणि जरा चढ लागला की पाणी मागायच्या. ही नवी चावी फिरवली की चालू. आवाज इतका कमी की चालू झालीय की नाही हे बघायला लोक तिच्या बॉनेटवर हात ठेवायचे. साडी नेसलेल्या बायका ती स्वतः चालवत बाजारात यायच्या. बुकिंग करून माणसं वाट बघत बसायची आणि नंबर लागला की पेढे वाटायची. मलाही ती गाडी मनापासून आवडायची. आजही आवडते, आणि त्याचाच मला राग येतो.

कारण तिच्या इंजिनातली एक पिन मी घासायचो. बोटाएवढी, आरशासारखी चकचकीत पिन. ती पिस्टनमध्ये बसते आणि पुन्हा कुणाला दिसत नाही. त्याच रस्त्यावरच्या पावणे गावच्या एमआयडीसीत आमचा चाळीसएक माणसांचा कारखाना होता. आयटीआय करून मी तिथे ग्राइंडिंग मशीनवर लागलो होतो. हात बरा बसला होता. नवीन आलेली पोरं शिकायला माझ्याकडेच पाठवायचे. एके दिवशी मालकांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की आपला माल बघायला जपानहून एक साहेब येणार आहेत. काम कायमचं मिळालं तर आपल्यातला एक ऑपरेटर तीन महिने जपानला शिकायला जाईल. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. मी तोपर्यंत पुण्यालासुद्धा गेलो नव्हतो.

आम्ही राहायचो दिघ्याला. गिरणी बंद पडल्यावर आम्ही मुंबईतली खोली सोडून तिथे आलो होतो. बाबांनी सगळा जन्म गिरणीत काढला, पण कापड विणणाऱ्या मागावर त्यांना कधी उभं केलं नाही. ते भरती झाले त्या काळी मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. आमच्या माणसाच्या तोंडाला लागलेला धागा पुढच्याने तोंडात कसा घ्यायचा? म्हणून आमची माणसं सूत कातायच्या खात्यात, सूतखात्यात. पगार मागवाल्याला जास्त, मानही त्यालाच. पुढे कायदे आले, आम्ही बौद्ध झालो, तरी बाबा सूतखात्यातच राहिले. हे ते रडून सांगायचे नाहीत. पाऊस पडतो, गिरणीचा भोंगा होतो, तसंच हेही असतं, अशा आवाजात सांगायचे.

साहेब येण्याआधी जपानहून नियम आले. पहिला नियम, मालकापासून हेल्परपर्यंत सगळ्यांना एकसारखा राखाडी युनिफॉर्म. दुसरा, सगळ्यांचं एकच कॅन्टीन. आमच्याकडे स्टाफ आणि कामगार यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती, ती एका रविवारी काढून टाकली. सोमवारी मॅनेजर माझ्या शेजारी येऊन बसले, माझ्यासारख्याच स्टीलच्या ताटात वरणभात घेऊन. हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबांचा हात जेवता जेवता थांबला. मला खरंच वाटलं की जे कुणाला जमलं नाही ते एका मोटारीने करून दाखवलं. मी तेवढा भाबडा होतो.

तिसरा नियम होता तो असा, की शिफ्ट संपायच्या आधी प्रत्येकाने आपली मशीन आणि भोवतालची जमीन स्वतः झाडायची. प्रत्येक मशीनजवळ एक झाडू आणि एक सुपली ठेवली होती. पहिल्या दिवशी वेळ झाली तसा मी उठलो, माझ्या मशीनखालचा लोखंडाचा चुरा काढला, तेलकट पाणी पुसलं. मान वर केली तर सगळे हाताची घडी घालून उभे होते. पावण्यातलाच एक गाववाला होता, त्याची मिठागराकडची जमीन याच एमआयडीसीत गेली होती. तो म्हणाला, "आमची जमीन गेली ती काय झारू माराला?" त्याचं दुःख मला कळत होतं. पण बाकीच्यांची कुणाची जमीन गेलेली नव्हती. दसऱ्याला याच मशीनना झेंडूचे हार घालून नारळ फोडणारे हात होते ते. देवाला हार चालतो, देवाच्या पायाशी केर काढला की हात बाटतो.

दोन-तीन दिवस असेच गेले. मग फोरमन माझ्याजवळ आला. आवाजात अगदी साखर. तू झाडतोसच, तर शेजारच्या दोन मशीनपण उरकून टाक, पाहुणे येईपर्यंतच, असं म्हणाला. मी गाववाल्याची मशीन झाडली, पुढची झाडली. आठवड्याभरात अख्खी शेड माझ्याकडे आली. मी नाही म्हणालो नाही, कारण डोळ्यांसमोर जपान होतं. मॅनेजरांनी खांद्यावर हात ठेवून मला सांगितलं की कंपनी हे विसरणार नाही. त्यांच्यापुरतं ते खरं बोलले. ते काहीच विसरले नाहीत.

जपानी साहेब आले. पन्नाशीचा बारीक माणूस, अंगात आमच्यासारखाच राखाडी शर्ट. सोबत मुंबईहून आलेल्या एक दुभाषी बाई होत्या, त्या त्यांचं बोलणं आम्हाला मराठीत सांगायच्या. आवारात मालकांची नवी कोरी पांढरी गाडी उभी होती. साहेबांनी तिचं बॉनेट उघडलं आणि आम्हाला भोवती बोलावून कंपनीची गोष्ट सांगितली. म्हणाले, आम्ही सुरुवातीला मोटारी बनवतच नव्हतो, कापड विणायचे माग बनवायचो. मग युद्ध झालं, देश बेचिराख झाला. लोकांकडे सायकली होत्या, आम्ही सायकलला इंजिन लावून दिलं. मग लहान गल्ल्यांतून जाईल, साध्या माणसाला परवडेल अशी लहान गाडी केली. आमची गाडी बंद पडत नाही, त्याचं गुपित विचाराल तर एवढंच, की आमच्याकडे ज्याची मशीन तोच झाडतो. झाडताना वाकावं लागतं, आणि वाकलेल्या माणसाला सैल झालेला बोल्ट दिसतो.

माग म्हटल्यावर मला बाबा आठवले. माझ्या बापाला ज्या यंत्राजवळ फिरकू दिलं नाही, तेच यंत्र बनवणाऱ्यांची ही गाडी, आणि तिची पिन मी घासतोय. फिटले पांग, असं मला वाटलं.

मग साहेब शेडमध्ये आले. जमिनीवर बोट फिरवून त्यांनी बोट बघितलं आणि विचारलं, हे कुणी केलं? इतके दिवस हाताची घडी घालून उभे राहिलेल्यांनी मला पुढे ढकललं. साहेब माझ्यासमोर कमरेत वाकले. माझ्यासमोर तोपर्यंत कुणी वाकलं नव्हतं. त्यांनी माझी पिन मापून पाहिली, डोळ्यांजवळ धरली आणि मालकांशी काहीतरी बोलले. दुभाषी बाई जाता जाता हळूच मला म्हणाल्या, "ते म्हणतायत, याला जपानला पाठवा." थोडं जपानी शिकवा म्हणालो, तर त्यांनी मला तीन शब्दही शिकवले, 'वाताशी नो किकाई'. म्हणजे माझी मशीन. तिथे गेल्यावर पहिल्यांदा हेच लागेल, म्हणाल्या.

काम आम्हाला मिळालं. घरी बाबांनी एक सूटकेस आणली, जुनीच, पण कुलूप चालणारी. आईने तिला आतून वर्तमानपत्र लावलं. वस्तीत बातमी फुटली. बुद्धविहारात माझा सत्कार करायचं ठरलं. मी सकाळी दाढी करताना आरशासमोर म्हणायचो, वाताशी नो किकाई. धाकटी बहीण माझी नक्कल करायची.

मग मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि खुर्चीवर बसवलं. खुर्ची दिली तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. म्हणाले, "तुझ्यासाठी नवीन पोस्ट काढली आहे. हाऊसकीपिंग इनचार्ज. साहेबांनी स्वच्छतेचं एवढं कौतुक केलं, ती टिकवायला जबाबदार माणूस हवा. पगारही वाढेल." मी विचारलं, जपानचं काय? ते म्हणाले की ते ट्रेनिंग ऑपरेटरसाठी आहे, आणि मी आता ऑपरेटर राहिलो नाही. जपानला जाणार होता तो माझ्या नंतर लागलेला, माझ्याच हाताखाली ग्राइंडिंग शिकलेला. माझी मशीनही त्यालाच मिळाली. त्याचा मला राग नाही. त्याने मागितलं नव्हतं. फक्त त्याला कुणी झाडायला सांगितलं नव्हतं.

माझ्या हाताखाली कुणीच नव्हतं, तरी मी इनचार्ज होतो. हाताखाली झाडू होता. बाकीच्या मशीनजवळचे झाडू गोळा करून एका कपाटात ठेवले आणि त्याची किल्ली माझ्याकडे दिली. कॅन्टीनमध्ये मी बसलो की आता लोक जरा सरकून बसायचे. भिंत काढून टाकली होती, पण ती कुठे होती ते सगळ्यांना पाठ होतं. मॅनेजर पुन्हा केबिनमध्ये जेवायला लागले.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी सूटकेसकडे बघितलं. मग हसले. तसं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, "मला मागाजवल जाऊ दिला नाय. तुला मशीनवर बसवला न् मग उठवला. म्हंजे एक पाऊल तू पुढंच गेलास की." सूटकेसमध्ये आईने गोधड्या भरल्या. नोकरी सोडतो म्हणालो तर बाबांनी विचारलं, गिरणी बंद, मी घरी, बहीण शाळेत, मग खायचं काय? मी दुसऱ्या दिवशी कामावर गेलो.

वर्षभराने साहेब पुन्हा आले. तेच बारीक अंग, तोच शर्ट. सगळा कारखाना रांगेत उभा होता आणि मी शेवटी, हातात झाडू घेऊन. फोरमनने तसं उभं राहायला सांगितलं होतं, पाहुण्यांना बरं वाटतं म्हणून. साहेबांनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी मॅनेजरांना काहीतरी विचारलं. मॅनेजर म्हणाले की याला साफसफाईची फार आवड आहे, याने स्वतःहून हे काम मागून घेतलं. दुभाषी बाईंनी ते जपानीत सांगितलं. सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

साहेबांनी मला विचारलं, तुमची मशीन कुठली? ते वाक्य समजायला मला बाईंची गरज पडली नाही. 'किकाई' हा शब्द मी वर्षभर तोंडात घोळवला होता. माझी जुनी मशीन समोरच चालू होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं नाही. हातातला झाडू पुढे केला आणि म्हणालो, "वाताशी नो किकाई."

साहेब खळखळून हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला, आणि फार चांगला केला. ते हसले म्हणून मालक हसले, मालक हसले म्हणून रांग हसली. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. साहेबांनी माझ्या हातातून झाडू घेतला आणि सगळ्यांसमोर वाकून तिथली जमीन झाडायला लागले, व्यवस्थित, कोपऱ्यातला चुरासुद्धा काढून. मालकांचा चेहरा पडला. एवढ्या मोठ्या माणसाने आमच्या शेडमध्ये केर काढावा हे त्यांना बघवेना, पण पुढे होऊन झाडू घ्यायला तेही धजेनात. झाडून झाल्यावर साहेब ताठ झाले, हातातला झाडू रांगेकडे धरला आणि बघू लागले, आता कोण घेतो ते. चाळीस माणसं होती. कुणी हात पुढे केला नाही. मग साहेबांनी झाडू माझ्याकडे वळवला. त्यांना आमच्या जाती माहीत असायचं काही कारण नव्हतं, तरी तो बरोबर माझ्याकडेच आला. माझे हात सवयीने उचलले गेलेही होते. मी ते पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट धरून ठेवले.

साहेब तसेच उभे राहिले, झाडू पुढे धरून. मॅनेजरांनी मला हाक मारली, मग जरा जोरात मारली. मी हललो नाही. शेवटी साहेबांनी झाडू भिंतीला टेकवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढे गेले. त्यांना काय कळलं ते मला माहीत नाही. दुपारी मला कपाटाची किल्ली टेबलावर ठेवायला सांगितलं आणि गेटबाहेर काढलं.

त्या रात्री जेवताना बाबांनी स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली.

चार दिवसांनी आमच्याच गल्लीतला एक माणूस घरी आला. बाबांच्या गिरणीतलाच, सूतखात्यातला, गिरणी बंद पडल्यापासून रिकामा. पावण्याच्या एका कारखान्यातून त्याला बोलावणं आलं होतं. कुणीतरी मुद्दाम दिघ्याच्या आमच्या वस्तीतलाच माणूस पाहिजे म्हणून विचारत आलं होतं. तू तिथं होतास ना, म्हणून विचारायला आलो, म्हणाला. त्याने नवीन शर्ट घातला होता. त्याची बायको दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काम काय हाय रे तिथं?" त्याने विचारलं.

बाबा माझ्याकडे बघत होते. मी त्या नवरा-बायकोकडे बघितलं आणि म्हणालो, "जपानी गाडीचं काम आहे."