पतीच्या नावाचा रकाना

परवा आमच्या डॉक्टर करंदीकरांच्या दवाखान्याला पंधरा वर्षं झाली म्हणून गावाने सत्कार केला. एक वकील उठून म्हणाले, "रत्नागिरीत शिस्त बघायची असेल तर दातांच्या दवाखान्यात जा." टाळ्या पडल्या. माझ्या मस्तकात तिडीक गेली. शिस्त! अहो, दाराबाहेर किती माणसं खोळंबलीत हे डॉक्टरांना कधी ठाऊक नसे. शिस्त होती ती काशीराम शितपाची, आणि तिथे एकाही मेल्याच्या तोंडून काशीराम हा शब्द निघाला नाही. माझ्याही नाही. म्हणून आता लिहायला बसलोय.

मी आप्पा. आतल्या खोलीत प्लास्टर कालवतो, साचे घेतो, रबराच्या कवळ्या बनवतो. काशीराम बाहेर ओसरीवर टेबल घेऊन बसायचा. संगमेश्वराकडचा माणूस. मुंबईत एका पारशी दंतवैद्याच्या दाराशी सात वर्षं काढून, चोवीस साली बापाच्या आजारपणामुळे परत आला आणि आमच्याकडे लागला. अंगाने काटकुळा, पण आवाज खणखणीत. रॉकेलच्या डब्याचे पत्रे कापून त्याने बिल्ले केले होते आणि त्यांवर आकडे रंगवले होते. मात्र बिल्ला मिळायचा तो आल्या क्रमाने नाही. लांबचा आधी. नाट्याहून आलेला कोळी आधी, भाट्याचा माणूस मागून, कारण भाट्याचा माणूस खाडी उतरून घरी जेवून परत येऊ शकतो. एकदा एक बागायतदार टेबलावर काठी आपटून ओरडले, "मी कोण आहे ठाऊक आहे का तुला?" काशीराम उठून उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, "ठाऊक आहे ना, साहेब. तुम्ही पाच मिनिटांवर राहता." बागायतदार तणतणत बाकावर बसले. आज हीच रीत डॉक्टरांची म्हणून वाखाणतात. शिंचे!

बायकांच्या बाबतीत तर त्याच्यासारखी हातोटी मी कुठे पाहिली नाही. खेड्यातली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. काशीराम आधी तिच्या वाडीतलं कोणी रांगेत आहे का बघायचा. नसलं तर आपणच एकेक नाव घ्यायचा, "शिवा? रघू? गणू?" बाई मान हलवत राहायची आणि बरोबर नाव आलं की पदरात तोंड लपवून हसायची. कधी पंधरा नावं व्हायची, पण गडी कंटाळायचा नाही. दुखऱ्या दाढेची बाई हसत आत यायची हो!

मग तेहतीस साली घोटाळा झाला. एका गावच्या, राही नावाच्याच दोन बायका, दोघींच्या कवळ्या एकाच आठवड्यात तयार झाल्या आणि हिची तिला गेली. एकीच्या हिरड्या सोलून निघाल्या. चूक माझी होती. साच्यांवर चिठ्ठ्या मी चिकटवल्या होत्या. पण डॉक्टर ओसरीवर येऊन काशीरामवर कडाडले, आणि मी आत प्लास्टर कालवत राहिलो. डॉक्टरांनी नवी नोंदवही आखून घेतली. तिच्यात पतीच्या नावाचा रकाना. "हा भरल्याशिवाय एकही बाई आत येणार नाही. एकदा जरी कोरा दिसला तर तू घरी बसायचं," असं त्यांनी काशीरामला सगळ्यांदेखत बजावलं. त्याच्या घरी म्हातारा अंथरुणाला खिळलेला आणि शेतीचा एक तुकडा नाही, हे डॉक्टरांना आणि मलाही माहीत होतं.

पुढच्या फाल्गुनात बोटीने मुंबईहून सामानाची पेटी यायची होती, म्हणून काशीराम सकाळीच बंदरावर गेला आणि डॉक्टरांनी टेबलाशी मला बसवलं. मला तिथे बसायचं म्हणजे उपद्व्याप वाटायचा. आत साचे वाळत होते. तेवढ्यात एक बाई आली. हातखंब्याच्या पलीकडून एकटी चालत आलेली. गाल एवढा सुजलेला की एक डोळा मिटलेला, अंगात फणफणून ताप. नाव सांगितलंन, हौसा. मी विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

"त्यांचा नाव मी कसा घेव, दादा?"

"मग कोण घेणार? मी?"

बाकावरची माणसं हसली आणि मला चेव आला. "नाव नाही तर नंबर नाही. घरून कोणाला तरी घेऊन ये, जा!" चार नावं विचारायला काय माझी जीभ झिजणार होती? पण नाही विचारली. ती तासभर पायरीवर बसली. मग उठून आल्या वाटेने निघून गेली. मी पाहिलं आणि मान खाली घातली.

दुपारी काशीराम पेटी घेऊन आला. वहीतलं अर्धवट नाव बघून त्याने विचारलं, मी सांगितलं. आयुष्यात एवढा भडकलेला मी त्याला पाहिला नव्हता. "आप्पा, गाल सुजून डोळा मिटलाय म्हणता आणि बाईला परत धाडलीत? पू मानेत उतरला तर मरंल ती!" पाणीसुद्धा न पिता तो धावत सुटला. हातखंब्याच्या वाटेवर, कुवारबावच्या पुढे, ती एका झाडाखाली पडलेली सापडली. येणारी एक बैलगाडी थांबवून तो तिला दिवेलागणीच्या आत घेऊन आला आणि वही न उघडता तिला थेट खुर्चीत बसवलं. डॉक्टरांना म्हणाला, "आधी दाढ काढा. मला काय बोलायचं ते मागून बोला."

दाढ निघाली, पू निघाला. डॉक्टरांचा हात चांगला, त्याबद्दल वाद नाही. हात धुऊन ते बाहेर आले, वही उघडली आणि कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "काशीराम, मी काय सांगितलं होतं? उद्यापासून येऊ नकोस."

काशीरामने एकदा माझ्याकडे पाहिलं. "हिला आप्पांनी परत धाडली," एवढं तो म्हणू शकला असता. पण म्हणाला नाही. मी तरी म्हणायचं! साच्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्या, हिला हाकलली मी, हा रकाना मुळात माझ्यामुळे आला. जीभ झडली होती का माझी?

बाकावर टेकून बसलेली हौसा उठली. भिंतीचा आधार घेत टेबलापाशी आली. तोंडातला कापसाचा बोळा काढलान, डोळे घट्ट मिटलेन आणि म्हणाली, "लिवा. भागोजी. भागोजी गोताड. आनि त्या दादाला काढू नका."

तिने पदर तोंडावर ओढला आणि रडायला लागली. "आता त्यांच्या जिवाला काय झाला तर मी काय करू?"

"लिही, आप्पा," डॉक्टर म्हणाले. मी टाक बुडवला आणि वळणदार अक्षरात भागोजी गोताड असं लिहिलं. डॉक्टरांनी ते वाचलं आणि वही मिटली. "ठीक. पण हुकूम तो हुकूम," म्हणाले आणि आत गेले.

काशीराम तिला गाडीपर्यंत पोचवायला गेला, तो तसाच घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला त्याच्या खुर्चीवर बसायला सांगितलं, आणि मी बसलो.