वायरलेसवर ऐकलेले नाव

पोलिसांचे वायरलेसवरचे बोलणे आता सांकेतिक होणार, बाहेरच्यांना ते ऐकता येणार नाही, अशी बातमी आज वाचली आणि अकोल्यातले एक रेडिओ दुरुस्तीचे दुकान आठवले.

साठच्या दशकात मी वार्ताहर होतो आणि रोज दुपारी तिथे बसत असे. तापलेल्या व्हॉल्व्हवर धूळ जळल्याचा वास येई. दुकानदार गणपतराव काटा फिरवून पोलिसांचा वायरलेस लावत आणि मला आयती बातमी मिळे.

त्या दुपारी मूर्तिजापूरच्या रस्त्यावर ट्रक उलटल्याचे कळले. "घ्या साहेब, तुमचं पहिलं पान आलं," गणपतराव म्हणाले. मग मेलेल्या ड्रायव्हरचे नाव आणि गाव ऐकू आले. मी ते वहीत उतरवले. दुरुस्त झालेला रेडिओ न्यायला आलेला एक शेतकरी बाकावरून उठला.

"भाऊ, परत लावा ना. माह्या भावाचं नाव घेतलं त्यानं."

गणपतरावांनी रेडिओ बंद केला. "त्या नावाचे गंज लोक असतेत, बाप्पा."

"पण गावबी आमचंच सांगून राह्यला तो."

ही खबर घेऊन पोलीस त्याच्या घरी संध्याकाळी पोचणार होते. वायरलेसवरचे बोलणे सर्वांना ऐकू यावे की नाही, यावर मला आजही मत देता येत नाही. तेव्हा मी त्याला भावाचे वय विचारले. बातमीत तेवढेच लिहायचे राहिले होते. त्याने ते सांगितले.