अर्धं तोंड

अक्का नव्या गोष्टीची परीक्षा अर्ध्यावर घेत. कपाशीचं नवं बी आलं, की अर्ध्या वावरात ते आणि अर्ध्यात जुनं. नवी साबण-पावडर आणली, तर यजमानांच्या, म्हणजे नानांच्या, सदऱ्याची एकच बाही त्या पावडरीने धुवायची. शिरपूरला शाळेत नोकरीला लागल्यावर मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होते, तेव्हा हे रोज बघायला मिळे.

गावात दातांचे एक तरुण डॉक्टर नुकतेच आले होते. लोक त्यांच्याकडे जात ते दात उपटायलाच. मी दात साफ करून आले, तेव्हा अक्का मिश्री लावत ओट्यावर बसल्या होत्या.

"दुखत व्हतं का?"

"नाही."

"मंग पैसा काबर दिना?"

कीटण साचलं की हिरड्या सुटतात, दात हलतात, असं डॉक्टरांनी सांगितलेलं मी सांगितलं. अक्कांनी जिभेने आपल्या हिरड्या चाचपल्या. त्यांच्या आईचे दात ऐन चाळिशीत गेले होते. पुढे जन्मभर ती भाकरी कालवणात भिजवून खायची. आणि हल्ली चूळ भरताना अक्कांच्याही तोंडातून रक्त येत होतं.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या दवाखान्यात गेल्या. खुर्चीत बसून म्हणाल्या, "डावाकडना बठ्ठा दात साफ कर. उजवाकडना दातस्ले हात लावू नको."

डॉक्टर हसले. "अक्का, असं अर्धं कोणी करत नाही."

"तोंड मन्हं शे," अक्का शांतपणे म्हणाल्या.

सुरुवातीला डावीकडे गार पाणी लागलं की कळ यायची. "पैसा पानीमा गया," असं त्यांनी जाहीरही केलं. मग कळ थांबली. पुढे कित्येक महिने त्या सकाळी आरशात आळीपाळीने दोन्ही गाल ओढून बघत. डावीकडचं रक्त थांबलं होतं, उजवीकडे येतच होतं. आता निकाल लागला, असं मला वाटलं. पण एकदा नीट पाहिलं, तर त्या मिश्री फक्त उजवीकडे घाशीत होत्या.

"अक्का, डावीकडे मिश्री नाही लावत?"

त्यांचं बोट थांबलं. "साफ जागाले खराब कराना जीव व्हत नही," त्या म्हणाल्या आणि स्वतःच विचारात पडल्या. म्हणजे गुण साफ केल्याचा, की मिश्री सुटल्याचा?

हा प्रश्न सुटायच्या आत उजवीकडची एक दाढ हलायला लागली आणि काढावी लागली. ती आधीपासूनच सैल असेल, असं डॉक्टर म्हणाले. अक्कांनी दाढ तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली, कागदात गुंडाळली आणि पुन्हा खुर्चीत टेकल्या.

"आते उजवाकडना बी कर."

परतताना मी विचारलं, "पटलं का मग?"

"नही. आते ते कधी समजाव बी नही, ताडी देखाले दुसरी बाजूच ऱ्हायनी नही." थोडं चालून त्या म्हणाल्या, "पन खात्री व्हवापर्यंत दात थांबतीन का?"

मिश्रीची डबी त्यांनी त्याच आठवड्यात मोलकरणीला न देता उकिरड्यावर टाकली. दर वर्षी कापूस विकला गेला, की त्या दवाखान्यात जात. पुढेपुढे सुनेलाही नेत, आणि तिचं मात्र पहिल्याच वेळी पूर्ण तोंड साफ करायला सांगितलं.

माझी नरडाण्याला बदली झाली. काही वर्षांनी अक्का गेल्याचं कळलं, म्हणून घरच्यांना भेटायला गेले. सून म्हणाली, शेवटच्या संक्रांतीलाही त्यांनी हट्टाने बाजरीची कडक भाकरी मागून घेतली आणि कोरडीच चावून खाल्ली.